वाणाचं पाणी

सुगंधा धुरीच्या दारात कुणी नवखं माणूस आलं आणि त्याने पाणी मागितलं, की पाणी मिळायचं, सोबत गुळाचा खडा मिळायचा आणि वर एक टोलाही मिळायचा. "सावकाश पी रे बाबा. डोंगर चढून आलंय ते, तुझ्याहून जास्त दमलंय."

घाटकोपरच्या डोंगरावर सातेरी नगर म्हणून वस्ती आहे. तिच्यात सगळ्यात वरच्या गल्लीत सुगंधाचं घर. गिरणी बंद पडली तेव्हा तिचा नवरा सहदेव लालबागची भाड्याची खोली सोडून बायकोला घेऊन इथं चढला. पहारीने कातळ फोडून त्याने जागा सपाट केली, वर पत्रा टाकला आणि गावच्या देवीचं नाव वस्तीला दिलं. पुढे सहदेव गेला. मधला उतार घरांनी भरला. घरांत टीव्ही आले, फ्रीज आले, पोरांच्या हातांत मोबाइल आले. नळ मात्र पायथ्याशी होता तो पायथ्याशीच राहिला. सकाळी थोडा वेळ पाणी यायचं. बायका रांग लावायच्या, हंडे डोक्यावर घेऊन पायऱ्या चढायच्या आणि ते पाणी पिंपात ओतून दुसऱ्या सकाळपर्यंत पुरवायच्या. पिंप कितीही घासा, तळाला बुळबुळ ती राहायचीच. सातेरी नगरातल्या पोरांची पोटं म्हणून कधी ठिकाणावर नसत.

सुगंधाची शाळा दुसरीत सुटली होती. जीभ मात्र एक दिवस सुट्टीवर गेली नव्हती. गल्लीतलं बारसं असो की बाचाबाची, तिने तोंड घातल्याशिवाय ते पुरं होत नसे. दिलेला शब्द तिने आजवर मोडला नव्हता. कुठे मोडला असेलच तर तो समोरच्याच्या दोषामुळे, असं तिचं पक्कं मत होतं.

आणि असा एक शब्द तिने सुनेला दिला होता.

राजेश तिचा एकुलता एक, विक्रोळीच्या एका गोदामात कामाला. त्याची बायको अक्षता. तिचं पहिलं पोर वर्षाचं व्हायच्या आत गेलं. जुलाब लागले, डोळे खोल गेले. रिक्षा वर चढत नाही, म्हणून राजेश पोराला छातीशी धरून पायऱ्या उतरत सुटला. खाली पोचला तेव्हा छातीशी धरण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग प्रांजल झाला. बाळंतिणीच्या खाटेवरूनच अक्षता म्हणाली, "आई, ह्याला मी पिंपातलं पाणी पाजणार नाही. नळ येणार नसेल तर आम्ही दुसरीकडे जागा बघतो."

दुसरी सून असती तर सुगंधाने तिला शब्दांनी सोलून काढलं असतं. पण पहिल्या पोराची झबली अक्षताने अजून उशीखाली ठेवलेली तिने पाहिली होती.

"नळ येईल," ती म्हणाली. "मी आणते. धुऱ्यांच्या घरातून कुणी जायचं नाही."

आणि नवल म्हणजे महिन्याभरात नळाची बोलणी खरोखरच डोंगर चढून आली.

एका संशोधन संस्थेची माणसं होती. गरीब वस्त्यांत काय केलं म्हणजे फरक पडतो, ह्याचा ती अभ्यास करायची. मोठे सर देवव्रत, उंच, सडसडीत, बोलायला इतके मऊ की त्यांच्याशी भांडायचं तरी कसं हा सुगंधाला प्रश्न पडला. त्यांच्याबरोबर किम्बर्ली, मरोळच्या गावठाणातली ख्रिस्ती पोरगी. हातात टॅब, तोंडात आपलीच मराठी, पायात साध्या चपला. पायऱ्या चढून ती धापा टाकत सुगंधाच्या उंबऱ्यावर बसली आणि पाणी मागितलं. तिला पाणी, गूळ आणि टोला असं सगळं मिळालं. ती हसली. सुगंधाला पोरगी आवडली.

मंडळाच्या हॉलमध्ये सभा भरली. देवव्रत सरांनी समजावलं. दोन गल्ल्या निवडल्या आहेत, मधली आणि वरची. एका गल्लीत पंप बसवून दारोदार नळ द्यायचे. दुसरी गल्ली आहे तशी ठेवायची. दीडेक वर्ष दोन्ही गल्ल्यांतल्या पोरांच्या तब्येती बघायच्या. नळवाल्या गल्लीतली पोरं कमी आजारी पडली असं दिसलं, की रिपोर्ट वर जाईल आणि मग अख्ख्या डोंगराला नळ.

"म्हणजे," सुगंधा उभी राहिली, "आमची पोरं आजारी पडली, तर आम्हाला नळ?"

"तसं नाही, आजी."

"मग कसं?"

देवव्रत सरांनी चहाचा कप उचलला. तो रिकामा होता. तरी ते त्यातून प्यायले.

कुठली गल्ली घ्यायची ते चिठ्ठीने ठरलं. भिशीची चिठ्ठी निघते तसंच. डोंगरावर चिठ्ठीबद्दल कुणी तक्रार करत नाही. देवाने काढलेलं ते देवाने काढलेलं. डबा सुगंधाच्या घरचा, स्टीलचा, झाकण तिनेच उघडलं. चिठ्ठी निघाली मधल्या गल्लीची.

आता मधल्या गल्लीत राहायची कुंदा. कुंदा म्हणजे सुगंधाची धाकटी जाऊ. सासू गेली तेव्हा तिचा तांब्याचा हंडा कुंदाच्या वाट्याला गेला. त्या दिवसापासून सुगंधाने तिच्या घराची पायरी चढली नव्हती. हॉलमधून बाहेर पडताना कुंदा नुसतं गालात हसली. "हस गो हस," सुगंधा मोठ्याने म्हणाली. "हंडा पण तुका, नळ पण तुका. देव तुझ्याच घरचो जावई काय?"

निघताना देवव्रत सरांनी मधल्या गल्लीला एक अट सांगितली. नळाचं पाणी गल्लीबाहेर द्यायचं नाही, दिलं तर अभ्यास बिघडेल. मंडळाचे अध्यक्ष अण्णा बाजूलाच होते. लोकांना समजावं म्हणून त्यांनी पदरची भर घातली, "आणि नळ कापतील, समजलं ना?" अभ्यास बिघडेल म्हणजे काय, ते कुणाला कळलं नाही. नळ कापतील, ते सगळ्यांना कळलं.

मधल्या गल्लीत नळ आले. दारात तोटी फिरवली की पाणी. तिथल्या बायका नवऱ्यांना डबे भरून देऊन पुन्हा आडव्या व्हायला लागल्या. वरच्या गल्लीतल्या बायका त्याच दारांवरून हंडे घेऊन चढायच्या. मधलीतल्या बायका तेवढ्यापुरती दारं लोटून घ्यायच्या. दाराआडून तोटीचा आवाज यायचा.

संक्रांतीच्या तोंडावर प्रांजलला जुलाब लागले.

अक्षताने पोराचे कपडे एका पिशवीत भरले आणि पिशवी दाराशी ठेवली. बोलली असती तर सुगंधाने उत्तर दिलं असतं. पिशवीला काय उत्तर देणार? डॉक्टरच्या औषधाने दोन दिवसांत पोट थांबलं. पिशवी मात्र दाराशी तशीच राहिली.

संक्रांतीला कुंदाकडे हळदीकुंकू होतं. सहदेव गेल्यापासून सुगंधा हळदीकुंकवाला कुठे जात नसे. कुणी मुद्दाम बोलावलं तरी म्हणायची, "कुंकू गेलं तेव्हा त्याची वाटीपण गेली." त्या दिवशी मात्र तिने अक्षताला ठेवणीतली साडी नेसायला लावली आणि स्वतः तिला घेऊन पायऱ्या उतरून कुंदाच्या दारात गेली.

आत मधल्या गल्लीच्या बायका बसल्या होत्या.

"वैनी, आत ये गो," कुंदा गडबडून उठली.

"माझं आत काय काम? मी सुनेक घेवन इलंय. तिका हळदकुंकू लाव."

कुंदाने अक्षताला हळदकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि वाणाची स्टीलची वाटी पुढे केली. उंबऱ्याबाहेरून सुगंधा म्हणाली, "वाटी ठेव तुझ्याकडे. वाट्या आमच्याकडे पुष्कळ आहेत. त्यांत घालायला पाणी नाही."

कुणाच्या हातातला तिळगूळ तोंडात जाईना.

"हिच्या पोराच्या बाटलीपुरतं पाणी वाण म्हणून दे," सुगंधा म्हणाली. आवाज नेहमीचाच, खणखणीत. तिला आयुष्यात मागायची सवय नव्हती, म्हणून मागणंही तिच्या तोंडून हुकमासारखं आलं. "वाणाला नाही म्हणत नाहीत."

"वैनी," कुंदा हळू आवाजात म्हणाली, "भायेर देवचा नाय म्हणून सांगितलाहा त्यांनी. नळ कापतले."

"विकलंस तर कापतले. वाण दिलंस तर कोण कापतलो? आणि सांगणार कोण? सासू काय सांगायची, आठवतं ना? वाण लुटायचं आणि विसरायचं. दिलेलं बोलून दाखवलं की त्याचं पुण्य गेलं."

सासूचं नाव आल्यावर कुंदाने मान खाली घातली. कोपऱ्यातल्या पाण्याच्या मोरीवर तो तांब्याचा हंडा होता, चिंचेने लख्ख घासलेला. तिने तोच नळाखाली धरला, भरला, आणि उंबऱ्याबाहेर आणून सुगंधाच्या हातात दिला. सुगंधाने घेतला. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

बाटलीपुरतं म्हणून सुरू झालं आणि हंड्यावर गेलं, हंड्याचं पाइपवर गेलं. कुंदाने दिलं तर आपण कशा मागे राहायचं म्हणून मधल्या गल्लीतल्या एकेका घराने वरच्या गल्लीतलं एकेक घर वाणाला घेतलं. स्वतःची भांडी भरून झाली की हिरवा पाइप पत्र्यांवरून वर जायचा. दुपारी, पुरुष कामावर असताना. अण्णांना ठाऊक होतं. त्यांच्या घरीही एक पाइप जात होता, म्हणून ते त्या वेळी झोपत असत.

त्या महिन्यांत सातेरी नगराच्या वरच्या गल्लीला जे सुख लागलं, ते आधी कधी लागलं नव्हतं. पोरं बाळसं धरायला लागली. पिंपं उलटी करून उन्हात वाळत घातली, एकीने तर पिंपात कोंबड्या ठेवल्या. प्रांजलच्या मनगटाला वळ्या पडल्या. एके दिवशी सुगंधाने पाहिलं, दाराशी ठेवलेली पिशवी रिकामी होऊन खुंटीला लागली होती. त्या दिवशी तिने बांगड्याचं तिखलं केलं आणि वाटीभर कुंदाकडे पाठवलं. कितीतरी वर्षांनी दोन घरांमध्ये कालवण फिरलं.

किम्बर्ली ठरल्यासारखी येत होती. प्रश्न तेच असत. पिण्याचं पाणी कुठून आणता? गेल्या पंधरवड्यात बाळाला जुलाब झाले का?

पाणी खालच्या नळावरून, असं सगळ्या बायका सांगत. सुगंधाने घरोघर जाऊन तसं बजावलं होतं. जुलाब नाही झाले, असंही सगळ्या सांगत. ते खरंच होतं. प्रत्येकीची उत्तरं दोन, एक खोटं आणि एक खरं. दोन्ही शेजारी शेजारी टॅबमध्ये जाऊन बसत होती.

एकदा किम्बर्लीची नजर पत्र्यावर गेली.

"काकी, हा पाइप कसला?"

"झाडांचा."

"कुठली झाडं?"

सुगंधाने फुटक्या बादलीतल्या तुळशीकडे बोट दाखवलं. "एवढी मोठी तुळस दिसत नाही तुला? डोळे तपासून घे, पोरी. लग्नाच्या वेळी नवरा तरी नीट दिसू दे."

किम्बर्ली खळखळून हसली. मग टॅब मांडीवर पालथा ठेवून म्हणाली, "काकी, खरं सांगा ना. पाणी कुठून येतं? मी कुणाचं नाव लावणार नाही. कुणाचा नळबिळ कापत नाहीत. पण चुकीचं गेलं ना, तर सगळंच फुकट जाईल."

आत अक्षता प्रांजलला न्हाऊ घालत होती. पोरगं पाण्यावर हात आपटून किंकाळ्या फोडत होतं. सुगंधाच्या जिभेवर खरं आलं होतं. पण तिने आपला हिशेब केला. पाणी मिळतं म्हणून सांगावं, तर हे म्हणतील, मिळतंय ना, मग तुम्हाला नळ कशाला? नळ मिळवायचा तर नाही म्हणूनच सांगायला हवं. सरकारदरबारी आजवर तसंच चालत आलंय. आणि वाण बोलून दाखवायचं नसतं. आणि नळ कापत नाहीत म्हणे. अण्णा तर कापतात म्हणाले होते.

"खालून आणतो," ती म्हणाली. "नेहमीसारखं."

किम्बर्लीने टॅब सुलटा केला.

गणपती झाले, दिवाळी झाली, आणि निकालाची सभा लागली. हॉल भरला होता. देवव्रत सर आले, पाण्याच्या खात्यातले कुणी साहेब आले. वरच्या गल्लीच्या बायका लग्नाला आल्यासारख्या नटून पुढे बसल्या. आज नळाची तारीख सांगणार, असं सुगंधाने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. अक्षता प्रांजलला कडेवर घेऊन तिच्या शेजारी बसली होती. पोरगं सरांच्या माइकच्या वायरकडे झेपावत होतं.

देवव्रत सरांनी भिंतीवर चित्र पाडलं. दोन रेघा, एक निळी, एक नारिंगी. दोन्ही एकमेकींना चिकटून चालल्या होत्या, चांगल्या नांदणाऱ्या जावांसारख्या.

"ही नळवाली गल्ली, ही बिननळाची," सर म्हणाले. त्यांचा आवाज आज जास्तच मऊ होता. "दोन्हींतल्या मुलांची तब्येत सुधारली. पण नळ आल्यामुळे काही वेगळा फायदा झाला, असं दिसलं नाही. बिननळाच्या गल्लीत मुलं तितकीच बरी आहेत. आम्हालाही आश्चर्य वाटलं. जे आहे ते मी सांगतोय."

साहेबांनी माइक घेतला. फायदा दिसत नसल्यामुळे ही योजना पुढे नेण्यासारखी नाही, ते म्हणाले. पंप संस्थेचा आहे, मुदत संपली, संस्था तो घेऊन जाईल. खालचा नळ आहेच.

पुढच्या रांगेतल्या बायकांनी सुगंधाकडे बघितलं. मागून मधल्या गल्लीतल्या बायकांनीही बघितलं. त्या रेघा अशा का निघाल्या, ते त्या सगळ्यांना एकाच वेळी कळत गेलं, दूध उतू जाताना दिसतं पण हात पोचत नाही तसं.

सुगंधा उठली.

"साहेब, ते चूक आहे. आमची पोरं खालच्या पाण्यावर नाही सुधारली. नळाच्याच पाण्यावर सुधारली. ह्यांच्या नळाचं पाणी आम्ही पीत होतो. पाइप लावून. रोज."

"वैनी!" मागून कुंदा ओरडली.

"गप गो. आता लपवून काय लोणचं घालायचंय?" ती साहेबांकडे वळली. "मी मागितलं. ह्या बायकांनी वाण म्हणून दिलं. खोटं सांगा म्हणून मीच सांगितलं होतं. त्या दोन रेघा नाहीत, एकच आहे. नळाची."

देवव्रत सरांचा चेहरा भिंतीसारखा झाला. शेवटच्या रांगेत किम्बर्लीने तोंडावर हात ठेवला.

साहेब शांतपणे म्हणाले, "आजी, म्हणजे इतके महिने तुम्ही सगळ्यांनी खोटं सांगितलंत."

"हो."

"आणि आज नळ जातोय म्हटल्यावर हे सांगताय. मग आजचं खरं कशावरून?"

सुगंधाने तोंड उघडलं. साऱ्या डोंगराने ऐकलेली जीभ होती ती. सासू, सावकार, पोलीस, कुणापुढे अडली नव्हती. ती तशीच उभी राहिली. तिचं उघडं तोंड बघून प्रांजल हसला आणि त्याने तिचा पदर ओढला.

सभा उठल्यावर देवव्रत सर तिच्याजवळ आले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीवर बसून राहिले, गुडघ्यांवर हात ठेवून.

"आजी, एकदा तरी सांगायचं होतं."

"विचारायचं होतं मग. शेजारीण देते काय पाणी म्हणून."

"विचारलं होतं," सर म्हणाले. "किम्बर्लीने तुम्हाला विचारलं होतं."

सुगंधाने पदर कमरेला खोचला आणि पुन्हा सोडला.

"मी लिहीन हे," सर म्हणाले. "रिपोर्ट बाहेर गेलाय. बाहेरच्या देशांतही वाचतात. आमचं चुकलं असण्याची शक्यता आहे, असं मी लिहून पाठवीन."

"आणि नळ?"

"नळ माझ्या हातात नाही, आजी. तुमच्या वस्तीत आता परत हा अभ्यास होणार नाही. इथली उत्तरं कुणी धरणार नाही."

किम्बर्लीचं काम गेलं, ते सुगंधाला अण्णांकडून कळलं. मुलाखती नीट घेतल्या नाहीत म्हणून. मरोळला जाऊन तिला भेटावं, असं सुगंधाच्या मनात पुष्कळदा आलं. जाऊन काय सांगायचं, तिथं येऊन ती थांबायची.

पंप न्यायला चार माणसं आली. दोरांनी बांधून, "सांभाळ, सांभाळ" करत त्यांनी तो पायऱ्यांवरून उतरवला. मधल्या गल्लीतल्या बायका दारांत उभ्या होत्या. कुणी सुगंधाला शिवी दिली नाही. एकीने नुसतं म्हटलं, "तोटी राहू दे गो, पोरांना खेळायला होईल." नळ दारांत तसेच राहिले, कोरडे. कुणी त्यांना पिशव्या अडकवल्या, कुणी चपला पुसायचं फडकं.

राजेशने मानखुर्दला भाड्याची खोली बघितली. इमारतीत, सातव्या मजल्यावर. पाणी ठरल्या वेळी येतं, पण घरात येतं. खोली एकच, म्हणून आईला चल म्हणताना त्याची जीभ चाचरली. सुगंधाने त्याला त्या लाजेतून सोडवलं. "मी कुठे येऊ? तुझ्या बापाने फोडलेला कातळ कुणी चोरून नेला तर?"

अक्षताने खुंटीवरची पिशवी काढली. पाया पडून उठली आणि म्हणाली, "आई, तुम्ही प्रयत्न केलात."

हे शब्द सुगंधाला सहन झाले नाहीत. सुनेने भांडायला हवं होतं. दिलेल्या शब्दाचा जाब विचारायला हवा होता. "जा आता," ती म्हणाली. "ऊन होतं पोराला." उशीखालची झबली अक्षता घेऊन गेली की नाही, ते ती उतरून गेल्यावर सुगंधाने पाहिलं. घेऊन गेली होती.

पुढच्या संक्रांतीला मधल्या गल्लीत कुणी हळदीकुंकू केलं नाही.

सुगंधा पुन्हा रांगेला जाऊ लागली. एकटीपुरतं पाणी, तरी हंडा पूर्वीएवढाच. भरला हंडा कुणालाच एकटीने डोक्यावर घेता येत नाही, मागून दुसरीने हात लावावा लागतो. कुंदा रांगेत मागे असे. ती बोलत नसे, पण सुगंधा वाकली की हात लावी. मग सुगंधा बाजूला थांबून तिच्या हंड्याला हात लावी, आणि दोघी वेगवेगळ्या वर चढत.

एका सकाळी रांगेत एक नवी मुलगी आली. दुसरी संस्था, दुसरा टॅब. गोरी, घामाघूम, नम्र. वस्त्यांमध्ये लोकांची एकी किती असते, ह्याचा अभ्यास होता. ती एकेकीला विचारत सुगंधापाशी पोचली, तेव्हा सुगंधाचा हंडा नुकताच भरला होता.

"आजी, दोनच मिनिटं. गरज पडली तर शेजारी एकमेकांना मदत करतात का? नेहमी, कधी कधी, की कधीच नाही?"

सुगंधा चुंबळ डोक्यावर ठेवून वाकली. कुंदा पुढे झाली. दोघींनी चार हातांनी हंडा उचलला. तो डोक्यावर बसेपर्यंत कुंदाने तळाला तळवा धरून ठेवला. पाणी हिंदकळलं आणि कुंदाच्या कोपरावरून ओघळलं.

मुलगी टॅबकडे बघत थांबली होती.

"कधीच नाही," सुगंधा म्हणाली.

कुंदाने हात काढून घेतला. मुलीने खूण केली, थँक्यू आजी म्हणाली आणि पुढच्या बाईकडे वळली. सुगंधाने मान ताठ धरली आणि पहिली पायरी चढली.